यादीतले पुस्तक विद्यार्थ्यापर्यंत

विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे शेवटचे पान संदर्भग्रंथांचे असते. घटकांची मांडणी, श्रेयांक, तासिका, अंतर्गत मूल्यमापन यांवर तासन्‌तास चर्चा होते. शेवटचे पान मात्र पुष्कळदा जुन्या अभ्यासक्रमातून जसेच्या तसे पुढे येते. त्यावरची काही पुस्तके कित्येक वर्षांत पुन्हा छापलेली नसतात. काहींची प्रत पाहायची तर पुणे गाठावे लागते. काही इंग्रजीत असतात आणि वर्ग मराठी माध्यमाचा असतो. प्राध्यापक पहिल्या आठवड्यात यादी वाचून दाखवतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेच्या तोंडावर चौकातल्या दुकानातून गाईड आणतात. यात मुलांचा आळस शोधायची आपल्याला सवय लागली आहे. मला दोष यादीचा वाटतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या पदवी महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठी आणि तिथली ग्रंथालये सांभाळणाऱ्यांसाठी ही पुस्तिका आहे. वाचनयादीतले प्रत्येक पुस्तक, लेख, नकाशा किंवा चित्रफीत आपल्या वर्गातल्या प्रत्येकाला कोणत्या वाटेने मिळेल, हे यादी करतानाच कसे पाहायचे, एवढाच तिचा विषय. आधी पुस्तक निवडायचे आणि ते मिळण्याची सोय मागाहून बघायची, असा आजवरचा रिवाज. तो उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. पोहोच हा निवडीनंतरचा उपचार नाही, ती निवडीचीच एक कसोटी आहे.

आधी आपला वर्ग नीट पाहू. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या महाविद्यालयांत पूर्वेच्या बागायती गावांतली मुले येतात, तशी पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतलीही येतात. आहुपे, तिरपाड, असाणे ही घोडेगावच्या वाटेवरची गावे. घाटघर, अंजनावळे, हातवीज ही जुन्नरच्या. जून-जुलैमध्ये महाविद्यालय सुरू होते तेव्हाच डोंगरात भाताची आवणी चालू असते. पाऊस मोठा, घरात हात कमी, त्यामुळे मुले वर्गात येऊ शकत नाहीत, आणि यादी नेमकी त्याच दिवसांत सांगून होते. उन्हाळ्यात परीक्षेच्या आगेमागे बाळहिरडा गोळा करायचा हंगाम. शासकीय आदिवासी वसतिगृहात ज्यांना जागा मिळते त्यांना ग्रंथालय जवळ पडते. बाकीच्यांना एसटी गाठायची असते, आणि घरी पोहोचल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते.

पूर्वेकडे अडचण निराळी. ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. अंधार पडल्यावर मुलीला एकटीने रस्त्याने येऊ द्यायला घरचे धजत नाहीत. वाचनकक्ष संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा ठेवला तरी तिला त्याचा उपयोग नसतो. तिच्या दृष्टीने पुस्तक घरी नेता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. यादीतल्या मुख्य पुस्तकावर ‘संदर्भ विभाग, घरी मिळणार नाही’ असा शिक्का असेल, तर ते पुस्तक ग्रंथालयात आहे आणि तिच्यासाठी नाही.

याच वर्गात एखादा पूर्ण अंध मुलगा असतो, एखादीला फक्त ठळक अक्षर दिसते, एखाद्याला जिना चढता येत नाही आणि ग्रंथालय वरच्या मजल्यावर असते. एखादा उत्तम बोलतो, विचार करतो, पण छापील ओळ त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाही. अध्ययन अक्षमता हे नावही त्याच्या घरी कुणी ऐकलेले नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत ही अक्षमता आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्यात, असेही हा कायदा सांगतो. जागा दिली आणि वाचायला काही दिले नाही, तर तो प्रवेश अर्धाच राहतो.

आता एका गोष्टीपाशी जरा थांबतो, कारण ती अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. ‘पीडीएफ ग्रुपवर टाकली आहे’ असे सांगितले की पुस्तक पोहोचले, असे आपण धरून चालतो. एक साधी परीक्षा करून पाहा. पीडीएफ उघडा, मजकुराची एक ओळ निवडा, कॉपी करा आणि मोबाइलमधल्या कोऱ्या पानावर पेस्ट करा. तीनपैकी एक गोष्ट घडेल. ओळ निवडलीच जाणार नाही, म्हणजे ते पान हा मजकूर नसून नुसता फोटो आहे. किंवा ओळ निवडली जाईल, पण पेस्ट केल्यावर मराठी शब्दांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, चिन्हे यांचा खच पडेल. किंवा जशी होती तशी मराठी ओळ उमटेल. फोन किंवा संगणक मजकूर वाचून दाखवतो तो फक्त या तिसऱ्या प्रकारात. पहिल्यात तो गप्प राहतो. दुसऱ्यात तो त्या चिन्हांचा खच मोठ्याने वाचत सुटतो, आणि कानांनी शिकणाऱ्या मुलाच्या पदरी काही पडत नाही.

दुसऱ्या प्रकाराचे कारण आपल्या छपाईच्या इतिहासात आहे. युनिकोड रुळण्याच्या आधीपासून मराठी पुस्तके, मासिके, प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुळवल्या गेल्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच अक्षर असते. कागदावर छापायला ते पुरेसे होते आणि त्या काळी त्याने मराठी छपाईचे मोठे काम केले. पण तीच फाइल जेव्हा ई-पुस्तक म्हणून हिंडू लागते, तेव्हा तिच्यातला मजकूर शोधता येत नाही आणि ऐकताही येत नाही. म्हणून एखाद्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या उपलब्ध असतील तर युनिकोडमधली निवडावी. मूळ फाइल प्रकाशकाकडे असेल तर ती मागावी. परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येते. स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर काढणारी मोफत साधने आता मराठी बऱ्यापैकी ओळखतात, मात्र जोडाक्षरे आणि आकडे यांत चुका होतात, आणि इतिहासाच्या पुस्तकात एक आकडा चुकला तरी शतक बदलते. मुद्रितशोधन माणसानेच करायला हवे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना यापेक्षा चांगले काम मला सुचत नाही. तपासता तपासता ते पुस्तक त्यांचेही वाचून होईल.

अशा प्रती करणे कायद्यात बसते का, ही शंका ग्रंथपालांच्या मनात हमखास येते आणि भीतीपोटी काम अडते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करणे आणि तिला ती अभ्यासासाठी, संशोधनासाठी, खाजगी वापरासाठी देणे हा हक्कभंग नाही. नफा घ्यायचा नाही आणि ती प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही, एवढे पथ्य. अंध व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी जगभर असा मार्ग खुला करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

इतर विद्यार्थ्यांसाठी प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती काढण्याबाबतही घाबरून जायचे कारण नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शिकवण्याच्या ओघात, अभ्यासक्रमाला आवश्यक तेवढ्या भागाच्या प्रती काढायला कायद्याची मुभा आहे. शब्द महत्त्वाचे आहेत: आवश्यक तेवढ्या. सबंध पुस्तक उचलून फिरवण्याचा हा परवाना नव्हे, आणि मराठीतल्या लहान प्रकाशकाचे पुस्तक बाजारात मिळत असेल तर ग्रंथालयाने त्याच्या चार प्रती विकत घ्याव्यात, हेच मला योग्य वाटते. लेखक आणि प्रकाशक टिकले तरच पुढच्या याद्या भरतील.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. प्राचीन इतिहासाच्या यादीतला सातवाहनांचा घटक. जगभरचे अभ्यासक या घटकासाठी ज्या ठिकाणी येतात ते नाणेघाट घाटघरच्या मुलांच्या घराजवळ आहे. राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख तिथल्या लेण्याच्या भिंतीवर आहे. राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती नष्ट झाल्या, पण वर कोरलेली नावे राहिली. त्या लेखातले संख्यांक भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत गणले जातात. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातली लेणी आहेत. तरीही या घटकाखाली दोन-तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथांचीच नावे द्यायची पद्धत आहे.

पोहोचीची कसोटी लावून हीच यादी करायला बसलो तर काय दिसते? वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास त्यांच्या कोरीव लेखांसह मराठीत लिहिला आहे आणि तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. अभ्यासाच्या दृष्टीने तो पहिल्या पंक्तीचा ग्रंथ आहे, सोपा म्हणून घेतलेला पर्याय नव्हे. मंडळाची पुष्कळ प्रकाशने संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण त्यांतली बरीच स्कॅन केलेली आहेत. म्हणजे डोळसांसाठी सोय झाली. अंध विद्यार्थ्यासाठी निवडक पन्नास पानांचा मजकूर काढून तपासावा लागेल, आणि हे काम त्या ग्रंथाच्या नावापुढेच लिहून ठेवायला हवे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी युनिकोडमध्ये खुल्या आहेत. फोन त्या वाचून दाखवतो, आणि वसतिगृहातून रेंजमध्ये असताना उतरवून घेतलेली नोंद डोंगरात गेल्यावरही उघडते. पहिल्या आठवड्याचे वाचन म्हणून ती द्यावी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा १८८५ मधला खंड तीन भागांत आहे आणि तिसऱ्या भागात जुन्नरच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन आहे. त्याचा हक्ककाळ कधीच संपला. इंग्रजी छपाई असल्याने यंत्राला ती बऱ्यापैकी वाचता येते. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलांना त्यातली चारच पाने द्यावीत आणि वर्गात बरोबर बसून वाचावीत.

राहिले शिलालेखांचे छायाचित्र. ज्याला दिसत नाही त्याला त्या फोटोचा काय उपयोग? इथे शिक्षकाने दहा मिनिटे द्यावीत. लेणे केवढे आहे, लेख कोणत्या भिंतींवर आहे, अक्षरांची उंची किती, कुठे दगड झिजला आहे, हे लेण्यात उभे राहून बोलावे आणि फोनवर ध्वनिमुद्रित करावे. ते मुद्रण यादीत स्वतंत्र नोंद म्हणून घालावे. डोळस मुलेही ते ऐकतील आणि पुढच्या सहलीत लेख अधिक नीट पाहतील, याची मला खात्री आहे.

समाजशास्त्र आणि पर्यावरणाच्या याद्यांतही हेच. विस्थापनाच्या घटकाला दूरदूरची उदाहरणे दिली जातात. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली आहे. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली. या भागात धरणग्रस्त आदिवासींबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले आणि तिच्या कामाचा अभ्यास-अहवाल मोफत उपलब्ध आहे. तो इंग्रजीत आहे. त्याचा मराठी सारांश करणे हा पदव्युत्तर वर्गाचा एक चांगला प्रकल्प होईल. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी समाजावर मराठीत लिहिले. ते पुस्तक आपल्या भागातल्या प्रत्येक महाविद्यालयात असायला हवे, आणि एका प्रतीने भागणार नाही.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपली बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली, अनुदानित किंवा विनाअनुदानित. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्राची योजना २०२५ पासून सुरू झाली. तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. ती आपल्या महाविद्यालयांपर्यंत येईपर्यंत इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट हा आपला आधार. अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके तिच्यातून मिळतात, पण प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळाले आणि ते वापरायला कुणी शेजारी बसून शिकवले तरच. आयआयटी खरगपूरने उभे केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तके स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात, त्यामुळे आवणीत तास बुडालेल्या मुलाला ती खरोखर उपयोगी पडतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी बुक बँक योजना असते तिथे यादीतले मुख्य पुस्तक तिच्यातून घ्यावे. गावोगावची शासनमान्य सार्वजनिक वाचनालये आपण अगदीच विसरतो. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालये आहेत. कादंबऱ्या, चरित्रे, इतिहास यांपैकी काही मुलाच्या गावातच मिळू शकते. ग्रंथपालांनी तालुक्यातल्या वाचनालयांची पुस्तकसूची एकदा मागवून घेतली तर यादीतल्या नावापुढे गावाचे नाव लिहिता येईल.

अंध विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आधी पाहावे. आपल्या यादीतले मराठी पुस्तक तिथे असेलच असे नाही. पुण्यात मीरा बडवे यांनी उभे केलेले निवांत अंध मुक्त विकासालय उच्च शिक्षण घेणाऱ्या अंध मुलांसाठी काम करते, तिथे चौकशी करावी. मात्र एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात, आणि ध्वनिमुद्रणालाही वाचक, वेळ, तपासणी लागते. ऑगस्टमध्ये मागणी केली तर पुस्तक हाती पडेपर्यंत सत्र संपते. यादी आधी आणि पोहोच नंतर हा क्रम इथे सर्वांत जास्त नडतो. अंध मुलगा नापास होतो तो पुष्कळदा या कॅलेंडरमुळे.

‘मग काय, मिळते तेच शिकवायचे? दर्जाचे काय?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जे सहज मिळते तेवढेच वाचायला लावले तर आपली मुले कायम दुय्यम पुस्तकांवर वाढतील, आणि ज्यांना आधीच कमी मिळाले त्यांना आणखी कमी देण्याचा तो प्रकार होईल. म्हणून श्रेष्ठ पण अवघड वाटेवरचे पुस्तक यादीतून काढू नये. त्याची वाट करावी: एक प्रकरण निवडावे, सुगम प्रत काढावी, कठीण परिभाषेचे टिपण जोडावे, प्रती वाढवाव्यात. आणि यादी लहान करावी. चाळीस नावांची यादी अभ्यासू दिसते, पण तिच्यातून नेमके काय वाचायचे हे मुलाला कळत नाही. एका घटकाला तीन-चार वाचने, प्रत्येकाची पाने नेमकी नमूद केलेली, आणि प्रत्येकापुढे ते कुठे, कोणत्या भाषेत, कोणत्या रूपात मिळेल याची एक ओळ. एवढी यादी पूर्ण वाचून घेणारा शिक्षक मला चाळीस नावे देणाऱ्यापेक्षा अधिक दर्जेदार वाटतो.

हे काम एकट्या प्राध्यापकाचे नाही आणि एकट्या ग्रंथपालाचेही नाही. कोणते पान शिकवायला हवे हे प्राध्यापकाला ठाऊक असते. ते पान कुठे आहे, कोण नेते, कोण नेत नाही, हे इश्यू काउंटरवर बसणाऱ्याला ठाऊक असते. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रे प्रत्येक ग्रंथपाल शिकलेला असतो, आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे, हे त्यांतले दुसरे. पण ग्रंथपालाला यादी दाखवलीच नाही तर तो हे सूत्र पाळणार कसा? कित्येक ठिकाणी विद्यार्थी काउंटरवर येऊन पुस्तक मागतो, तेव्हाच ते यादीत आहे असे ग्रंथालयाला कळते.

पुढच्या पानांत वेगवेगळ्या विषयांच्या नमुना याद्या, पीडीएफची परीक्षा, सुगम प्रत करण्याची पद्धत आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहायच्या ओळीचे नमुने आहेत. ते जसेच्या तसे उचलू नयेत. आपला वर्ग, आपल्या मुलांची गावे, आपले कपाट पाहून बदलावेत. माझी एकच विनंती आहे. येत्या वर्षाची यादी एप्रिलअखेर ग्रंथपालांच्या हाती द्या, आणि ती पक्की करण्याआधी एक दुपार त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक नाव तपासा. मे महिना प्रती काढायला, मजकूर तपासायला आणि ध्वनिमुद्रणाला ठेवा. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी यादी द्या, आणि आवणीला गावी निघणाऱ्याच्या पिशवीत तिच्यातले पहिले पुस्तक घाला.